कोब्राजना कोच पाहिजे

बास्केटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे मी मैनुद्दीनला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. इतकं स्वच्छ, की कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभ्या असलेल्या रावसाहेबांनाही ते ऐकू गेलं. "तुम्हाला एखादी गोष्ट कळत नाही, हे तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय," असं म्हणून ते वर निघून गेले. रावसाहेब आमच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, तरी ते उत्तर देऊन जातात.

मैनुद्दीन शिकलगार माझा शाळेपासूनचा मित्र. रविवार पेठेत त्यांचं कात्र्या-सुऱ्यांचं पिढीजात दुकान. त्यातून मैनूने धायरीला मॉड्युलर किचनचा कारखाना काढला, तो चांगला चालला, आणि मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली तेव्हा या गृहस्थाने तिच्यात एक टीमच घेतली. या वयात माणसं फार तर मुळशीला फार्महाऊस घेतात. टीमचं नाव 'कात्रज कोब्राज'. सराव कात्रजच्या हॉलमध्ये आणि जवळच सर्पोद्यान, म्हणून कोब्राज.

"सरळ 'कात्रजचे नाग' म्हणायला काय हरकत होती?" मी विचारलं.

"तसं म्हटलं तर स्पॉन्सर येत नाहीत श्रीन्या, सर्पमित्र येतात."

तर या कोब्राजचा कोच ऐन हंगामाच्या तोंडावर लग्न करून कॅनडाला गेला होता. मुली सगळ्या कॉलेजातल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या. कॅप्टन अलिझा ही मैनूचीच सख्खी पुतणी, आणि घोळ तिथेच होता. मैनू म्हणाला, "मी कोच निवडला तर लोक म्हणणार, पुतणीच्या सोयीचा निवडला. तू निवड. जन्मभर तू माणसंच निवडलीस."

हे मात्र खरं. एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी कार्मिक विभाग सांभाळला. फिटर निवडले, टायपिस्ट निवडले, कॅन्टीनचे आचारी तर चव घेऊन निवडले. मी निवडलेला एक वॉचमन पुढे नगरसेवक झाला, याचं श्रेय मी घेतो. पुढे त्याने काय केलं त्याचं घेत नाही. माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मी त्याचं पाणी जोखतो, असा माझा लौकिक होता. निदान मला तसं वाटे. शेवटी, काही कळत नसताना जबाबदारी घ्यायची नाही असं म्हटलं तर या देशात निवड समित्याच उरणार नाहीत, असा विचार करून मी होकार दिला.

"समितीत आणखी कोण आहे?" माझी बायको सुनीती हिने विचारलं.

"मी एकटाच."

"म्हणजे एकमत व्हायला हरकत नाही," ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडू लागली.

पहिला उमेदवार सर्बियाचा होता. मैनूला कुणीतरी सांगितलं होतं, की बास्केटबॉल शिकावा तर सर्बियाच्या माणसाकडून. व्हिडिओ कॉल आमच्याच घरून करायचा होता, पण आमचं वायफाय मंद म्हणून रावसाहेबांच्या घरी जाऊन केला. ही चूक. तो बिचारा तिकडून काळजीने विचारतोय, तुमची सगळ्यात उंच मुलगी किती उंच? मी उत्तर द्यायच्या आत रावसाहेबांनी स्क्रीनमध्ये डोकं घालून सांगितलं, "उंचीचं काय घेऊन बसलात? आपल्याकडे चिवटपणा आहे." याचं इंग्रजी भाषांतर त्यांनी जे केलं, त्यातून त्या माणसाला आमच्या मुली चिकट आहेत असं काहीतरी कळलं असावं. कारण त्याने बराच वेळ हॉलच्या फरशीबद्दल प्रश्न विचारले आणि नंतर फोन उचलला नाही.

दुसरे उमेदवार रावसाहेबांचे साडू निघाले. नागोराव. त्यांनी हयातभर कबड्डी शिकवली होती.

"पण हे बास्केटबॉल आहे," मी म्हणालो.

"खेळ तोच," रावसाहेब म्हणाले. "फक्त एक चेंडू जास्तीचा."

सोसायटीत राहायचं असेल तर चेअरमनच्या साडूला एक संधी द्यावी लागते. आमच्या पाण्याच्या टाकीचा कॉक कुणाच्या हातात आहे, हे मी विसरू शकत नव्हतो. नागोराव आले. माणूस सोन्यासारखा, आवाज खणखणीत. त्यांनी मुलींना दम धरायला शिकवलं, मांड्यांवर थाप मारायला शिकवली. सोनू नावाची आमची एक बुटकी, चपळ मुलगी आहे. ती चेंडू घेऊन निघाली की पलीकडच्यांना सापडत नाही. सरावात नागोरावांनी स्वरालीला ओरडून सांगितलं, "पाय धर तिचा, पाय!" स्वराली आज्ञाधारक. तिने सूर मारून सोनूचा घोटा पकडला. सोनू, स्वराली आणि चेंडू असे तिघं भिंतीवर जाऊन आदळले. "शाब्बास!" नागोराव म्हणाले. सोनूच्या हनुवटीला टाके पडले नाहीत, इतकंच त्या दिवसाचं यश.

तिसरा आमोद. हिंजवडीतला मुलगा, लॅपटॉप घेऊन आला. "अंकल, बेसिकली कोचिंग इज ऑल डेटा. डेटा बोलतो. आपण फक्त ऐकायचं." भिंतीवर त्याने रंगीत ठिपके पाडले. कुठली मुलगी कुठून चेंडू टाकते, कुठून चुकते, सगळं त्यात होतं. मी प्रभावित झालो. खुर्चीतही तो ताठ बसला होता. मुलींनी विचारलं, "सर, एकदा करून दाखवा ना." लॅपटॉप हातात धरूनच तो कोर्टवर उतरला, अलिझाने त्याला साधा पास दिला, आणि आमोदने दोन्ही हातांनी आपला लॅपटॉप वाचवला. पास चेहऱ्यावर झेलला. बर्फ लावून बसलेला असतानाही तो म्हणत होता, "ॲक्च्युअली, हा पास स्टॅटिस्टिकली इकडे यायला नको होता." मुलगा गुणी होता, पण चेंडूला घाबरणारा कोच ठेवणं म्हणजे पाण्याला भिणारा नावाडी ठेवणं, असं मला वाटलं. त्याला मी 'कळवतो' म्हणालो. कार्मिक विभागात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. त्याला नव्हता. तो रोज फोन करू लागला.

एवढ्यात नाशिकच्या टीमबरोबरची सराव मॅच येऊन ठेपली. मुख्य प्रशिक्षकाचं नाव दिल्याशिवाय टीमला कोर्टवर उतरता येत नाही, असा लीगचा नियम. मी त्यांच्या ऑफिसात गेलो. चष्मा कपाळावर ठेवलेले एक गृहस्थ तिथे बसले होते.

"निवड चालू आहे," मी म्हणालो. "तोवर तात्पुरतं माझं नाव लावा."

"तात्पुरता असा प्रकार आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "मुख्य प्रशिक्षक असतो, किंवा नसतो."

"पण मला खेळातलं काही..."

"ते आम्ही विचारलेलं नाही."

अशा रीतीने मी, श्रीनिवास खांबेटे, कात्रज कोब्राजचा मुख्य प्रशिक्षक झालो. मैनूने मला ट्रॅकसूट दिला. पाठीवर फणा काढलेला नाग. तो घालून मी खाली उतरलो तेव्हा सोसायटीतल्या दोघांनी नकळत वाट सोडली. सुनीतीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "येताना दूध आणा."

मॅचबद्दल मला फार बोलायचं नाही. पण लोक वाटेल ते सांगतात, म्हणून जे घडलं ते सांगतो.

सुरुवात झाली आणि आमच्या मुली जोरात होत्या. हॉलच्या दाराशी चहावाला दिसला. मी सवयीने त्याला खूण केली, अर्धा चहा. म्हणजे एक हात उभा धरायचा आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर आडवा. ही खूण पुण्यात कुठेही चालते. पण बास्केटबॉलमध्ये हीच खूण टाइमआउटची आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढची शिट्टी वाजली, भोंगा झाला, खेळ थांबला आणि मुली धावत येऊन माझ्याभोवती गोळा झाल्या.

"सर, काय झालं?" अलिझा धापा टाकत म्हणाली.

सगळे चेहरे माझ्याकडे. काहीतरी म्हणणं भाग होतं. "चहा घेणार का?" मी विचारलं.

मुली परत गेल्या. चहावाल्याला माझी खूण कळलीच नव्हती, म्हणून मी ती पुन्हा केली.

दुसऱ्या टाइमआउटनंतर रेफ्री माझ्याजवळ आल्या. चाळिशीच्या बाई, केस घट्ट बांधलेले, गळ्यात शिट्टी. मुक्ताई शितोळे. "काका, पहिल्या हाफचे टाइमआउट संपले तुमचे," त्या म्हणाल्या. "आता हात खाली ठेवा."

मी हात मांडीखाली दाबून बसलो. थोड्या वेळाने चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. आता, समोर एखाद्याची वस्तू पडली तर आपण उचलून देतो. आईवडिलांचे संस्कार असतात. मी चेंडू उचलला आणि जवळच्या मुलीच्या हातात दिला. ती नाशिकची होती. चेंडू अजून लाइनीच्या आत होता. तिने 'थँक्यू अंकल' म्हणून थेट बास्केट केली.

शिट्टी. मुक्ताईंनी ती बास्केट रद्द केली आणि माझ्या नावावर टेक्निकल फाउल लिहायला सांगितला. मी उठलो. मी नियमाने चालणारा माणूस आहे, हे त्यांना समजावून सांगणं मला आवश्यक वाटलं. मी बोलत बोलत त्यांच्यामागे चाललो. त्या भराभर चालत होत्या, त्यामुळे माझं म्हणणं संपेपर्यंत आम्ही कोर्टाच्या बरोबर मधोमध पोहोचलो होतो. तिथे दुसरा फाउल मिळाला.

"काका, बाहेर."

"जातो की. बाकावर बसतो."

"बाकावर नाय. हॉलच्या बाहेर."

प्रेक्षकांत रावसाहेब होते. ते टाळ्या वाजवत होते, आणि कुणासाठी ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये मैनू माझ्या सोबतीला आला. हॉलच्या जाळीच्या खिडकीखाली एक सिमेंटचा कठडा होता, त्यावर आम्ही दोघं म्हातारे चढून उभे राहिलो. अपमान झालेला माणूस नीट पाहतो, असा माझा अनुभव आहे. बाकावर असताना मला जे दिसलं नव्हतं, ते मला जाळीतून दिसलं. सोनू धडक देत होती आणि तिच्यावर फाउल लागत होते. खेळ थांबला की ती मुक्ताईंजवळ जायची, आणि त्या दोन शब्द बोलून पाय कुठे हवा तेवढं दाखवायच्या. तसंच त्या नाशिकच्या मुलींनाही सांगत होत्या. पुढच्या वेळी सोनूचा पाय तिथेच पडायचा. स्वराली चिडली, तेव्हा मुक्ताईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती निवळली. आम्ही आणलेल्या दोघांपैकी एकाचंही या मुलींनी असं ऐकलं नव्हतं.

मॅच हरलो. अलिझा बाहेर आली, तोंड धुतलेलं, डोळे मात्र लाल.

"बडे अब्बू," ती मैनूला म्हणाली, "बंगळुरूच्या टीमचा फोन आलाय. मला जायचं नाहीये. पण इथे लोक आम्हाला हसतात. आम्हाला हसवायला कुणी नकोय, शिकवायला हवंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी अंकल, तुम्ही गोड आहात."

या शब्दाने मी जितका खचलो तितका दोन फाउलने खचलो नव्हतो.

"मैनू," मी म्हणालो, "कोच सापडला."

"कोण?"

"जिने मला बाहेर काढलं ती."

मैनूने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मुक्ताई शितोळे धायरीला बायकांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. एके काळी राज्याच्या टीममधून खेळायच्या; गुडघा गेला आणि शिट्टी हातात आली. आम्ही गेलो तेव्हा त्या शिकवणीवर निघाल्या होत्या. "बोलायचं तर मागं बसा," त्या म्हणाल्या. "मला थांबायला टाइम नाय."

मैनू आणि मी मागच्या सीटवर बसलो. स्टिअरिंगवर सोजरबाई नावाच्या नऊवारीतल्या आजी होत्या. नातवंडांनी गाडी घेतली आणि फिरवायला कुणी नेत नाही, म्हणून स्वतःच शिकायला आल्या होत्या. गाडी सिंहगड रोडला लागली. मी माझं म्हणणं मांडलं. मुक्ताईंनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "रेफ्री झाल्यापासनं म्या कुणाचीच बाजू घेतली नाय. गावच्या पोरी खेळल्या तरी नाय, भाची खेळली तरी नाय. सवयच गेली वो ती. कोचला बाजू घ्यावी लागती. आजी, दुसरा गिअर."

आजींनी गाडी चौकाच्या मधोमध बंद पाडली. चहूबाजूंनी हॉर्न. मी डोळे मिटून जे आठवेल ते स्तोत्र सुरू केलं. मैनूही शेजारी काहीतरी पुटपुटत होता. मुक्ताईंच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असतो, पण त्यांनी पाय आखडून घेतले होते. "घाई नाय आजी. किल्ली फिरवा. क्लच दाबा."

मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हातच ठेवला आणि ओरडला, "ओ म्हातारे, घरी बस!"

मुक्ताईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "ए! शिकतीया ती! तू काय पोटातनंच गाडी शिकून आला व्हता? थांब म्हटलं ना! समदा रोड थांबंल, पण ही गाडी तीच काढंल!"

टेम्पो थांबला. अख्खा चौक थांबला. आजींनी क्लच दाबला, गाडी एक उचकी देऊन निघाली आणि आम्ही जिवंत पलीकडे पोहोचलो. आजींच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की मैनूने नकळत टाळ्या वाजवल्या.

"बाई," मी हळूच म्हणालो, "आत्ता जी घेतलीत ना, तिलाच बाजू म्हणतात."

मुक्ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. सोजरबाईच आरशातून मागे बघत म्हणाल्या, "माझी तर रोजच घेती की. ह्या पोरींची घ्यायला काय झालं गं तुला?"

"आजी, पुढं बघा," मुक्ताई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मऊ झाला होता. धायरी फाट्याशी उतरताना त्यांनी अटी सांगितल्या. सरावाला उशीर चालणार नाही. पुतणी असो वा कुणी असो, बाहेर बसवायचं म्हणजे बसवायचं. आणि माझ्याकडे बोट करून, "हे काका बाकावर नकोत."

तिन्ही अटी आम्ही मान्य केल्या. तिसरी मी सगळ्यात आधी.

लीगच्या ऑफिसात ते चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, की मुक्ताईंचं रेफ्री म्हणून नाव काढावं लागेल, आणि त्याआधी विद्यमान मुख्य प्रशिक्षकांनी सकारण राजीनामा द्यावा लागेल. मी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं म्हणालो. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "प्रकृती उत्तम दिसते. कारण खरं द्या."

"लायकी नाही म्हणून," सुनीती माझ्यामागून म्हणाली. ती बाजारहाटासाठी बरोबर आली होती.

"हे चालेल," ते म्हणाले.

मुक्ताईंनी सराव सुरू केला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अलिझाला उशिरा आल्याबद्दल दिवसभर भिंतीकडे बसवलं. शिकलगारांच्या घरात त्या रात्री भांडी आपटली, पण मैनू ठाम राहिला. आणि दुसऱ्या दिवशी अलिझा सगळ्यांच्या आधी हॉलच्या दारात उभी होती. आमोदलाही मुक्ताईंनी बोलावून घेतलं. "तुझे ठिपके खरे हायेत," त्या म्हणाल्या, "पण आधी पास झेलायला शिक." आता तो रोज सोनूकडून पास झेलतो. नाकाचा आकार थोडा बदललाय. त्याची आई म्हणते, चेहऱ्याला शोभतो.

लीगची पहिली मॅच सोलापूरशी. हॉल बऱ्यापैकी भरला होता. मी, सुनीती आणि मैनू प्रेक्षकांत. मैनूच्या मांडीवर पेढ्यांचा मोठा बॉक्स. खेळ शेवटाला आला, आम्ही एका गुणाने मागे, चेंडू आमचा. मुक्ताईंनी टाइमआउट घेतला. मुली भोवती बसल्या. त्यांनी डावपेच काढायची छोटी पाटी अलिझाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सांग. कसं करायचं?"

अलिझाने पाटी मांडीवर घेतली. मग तिने भराभर रेघा ओढल्या. सोनूने त्यात काहीतरी खोडलं. मुक्ताई फक्त मान हलवत होत्या.

खेळ सुरू झाला आणि मला ते सोसेना. मी डोळे मिटले. "श्रीन्या, काय झालं ते सांग," शेजारून मैनूचा आवाज आला. त्यानेही मिटले होते. भोंगा वाजला. प्रचंड आरडाओरडा. आम्ही डोळे उघडले तर आमच्या सगळ्या मुली मुक्ताईंना मिठ्या मारून एका गठ्ठ्यात उभ्या.

"जिंकलो!" मैनू ओरडला आणि बॉक्स घेऊन कोर्टवर धावला. समोर आलेल्या पहिल्या माणसाच्या तोंडात त्याने पेढा कोंबला. तो रेफ्री होता. सोलापूरच्या मुलींना दिले. सोलापूरच्या कोचला दोन दिले.

"अहो, तुम्ही हरलात," तो रेफ्री पेढा गिळत म्हणाला. "चेंडू रिंगवरून बाहेर गेला."

मैनूने त्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मीही मागोमाग पोहोचलो होतो. मुली मिठ्या मारत नव्हत्या. त्या मुक्ताईंना धरून ठेवत होत्या. सोनूने एक हात, स्वरालीने दुसरा, अलिझाने कमरेला विळखा घातलेला, आणि आयुष्यात कुणाची बाजू न घेतलेल्या त्या बाई रेफ्रीच्या दिशेने जीव खाऊन ओरडत होत्या, "हाताला लागलं व्हतं माझ्या पोरीच्या! आंधळा हाय का तू? माझ्या पोरीच्या हाताला लागलं व्हतं!"

"मॅडम, चला, हरलो आपण," अलिझा म्हणत होती. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "पुढच्या मॅचला बघू ना मॅडम. मी आहे ना इथेच."

मैनू हातात पेढा धरून तसाच उभा होता. मग पुढे झाला आणि मुक्ताईंचं तोंड ओरडायला पुन्हा उघडलं, तेव्हा तो त्यात भरवला.